कांद्याच्या कड्या, तळणीशिवाय

अगं, भज्यांचं पातळ पीठ ओव्हनमध्ये चालत नाही, ट्रेवर ओघळून चिकटतं. कांदा अर्धा इंच जाड काप, कड्या सुट्या कर आणि प्रत्येकीच्या आतला पारदर्शक पापुद्रा नखाने ओढून काढ. तो राहिला की वरचं आवरण पहिल्याच घासाला निसटतं. आपल्या मुंबईच्या दमट हवेत कड्या फडक्याने टिपूनच घे.

मग कड्यांना एकामागून एक तांदळाचं पीठ, घट्ट दही आणि शेवटी शिळ्या लादीपावाचा चुरा लाव. चुरा आधी दोन चमचे तेलात गुलाबी परत. खरी गोम यातच आहे, नाहीतर रंग येईपर्यंत कांदा लिबलिबीत होतो. २२० अंशांवर साधारण २० मिनिटं, मध्ये एकदा उलट. पावसाळ्यात लगेच सादळतात, म्हणून चहा आधी टाक.