वाचकांचे प्रश्न : छत तसंच ठेवून खाली नवं स्टेडियम?

प्रश्न : अमेरिकेतल्या सिअॅटलच्या क्लायमेट प्लेज अरीना या इनडोअर स्टेडियमचं छत जुनंच आहे आणि बाकी सगळं नवं, असं वाचलं. हे कसं केलं? सरळ पाडून नवं का नाही बांधलं?

उत्तर : पाडायला परवानगीच नव्हती हो. ही इमारत १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली, आर्किटेक्ट पॉल थिरी, आणि तिच्या छताला शहराने वारसा म्हणून संरक्षण दिलंय. मग काय केलं, तर जवळजवळ २० हजार टनांचं ते छत तात्पुरत्या लोखंडी खांबांच्या टेकूवर पेललं, खालचं जुनं सगळं काढून टाकलं आणि आणखी खोल खोदत गेले, म्हणजे बाहेरून इमारत तेवढीच दिसते पण आतली जागा साधारण दुप्पट झाली. छत अधांतरी असताना खाली खोदकाम चालू, नुसता विचार केला तरी छातीत धस्स होतं! ऑक्टोबर २०२१मध्ये ते उघडलं, खर्च एक अब्ज डॉलरच्या वर.

आधी १९९५मध्येही तिथे मोठं नूतनीकरण झालं होतं, पण ते बास्केटबॉल डोळ्यासमोर ठेवून. बर्फावरच्या हॉकीचं मैदान लांबीला बरंच मोठं, ते मधोमध बसेचना, एका बाजूला सरकलं, त्यामुळे स्कोअरबोर्डही बर्फाच्या मध्यावर न येता भलतीकडेच लटकायचा आणि काही खुर्च्यांवरून गोल नीट दिसायचा नाही. आणि ज्यांच्यासाठी एवढं केलं ती बास्केटबॉलची टीम २००८मध्ये शहर सोडून गेली. म्हणून मला ठामपणे वाटतं की एकाच खेळाच्या मापाने अरीना बांधू नये, खुर्च्या नंतरही बदलता येतात पण मैदानाचं माप एकदा चुकलं की चुकलं.

प्रश्न : आज हॉकी, उद्या बास्केटबॉल, मग बर्फ रोज वितळवतात का?

उत्तर : नाही नाही, बर्फ तिथेच असतो! काँक्रीटच्या लादीत पाइपांचं जाळं असतं, त्यातून गोठणबिंदूच्या खालचं थंड द्रावण फिरत राहतं आणि वर जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ. त्यावर उष्णता अडवणारे पॅनेल एकाला एक लावून अंथरतात, मग वर लाकडी कोर्टाचे तुकडे जोडतात, काही तासांत काम फत्ते. सिअॅटलला तर छतावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवून त्याचाच बर्फ करतात, मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडली.

प्रश्न : जुन्या इनडोअर स्टेडियममध्ये मोठे कॉन्सर्ट का होत नाहीत?

उत्तर : बऱ्याचदा छतामुळेच. आजकालच्या शोचे स्पीकर, लाइट, स्क्रीन हे सगळं वरून टांगतात, ते वजन कित्येक टनांत जातं आणि जुनी छतं त्या हिशेबाने बांधलेलीच नसतात. दुसरी अडचण ट्रकची, ते थेट मैदानापर्यंत आत आले नाहीत तर सामान उतरवण्यातच दिवस जातो. नूतनीकरणाचं बजेट आधी या दोन गोष्टींवर घालावं, चकचकीत लॉबी नंतर करता येते.