यवतमाळ जिल्ह्यात बदली झालीय, जिल्हा कसा आहे?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यात बदली झाली आहे, तिकडे कसं असतं, आणि बातम्यांत येतं तसंच सगळं आहे का. आधी तालुका कोणता ते सांगायला हवं होतं. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी सहा एकर वावर, तेही कोरडवाहू.

जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि पुसदचा माणूस वणीला गेला की परमुलखात आल्यासारखा वागतो. पुसद-उमरखेडकडे पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी आहे, म्हणून ऊस, हळद दिसते. बोली मराठवाड्याकडे झुकलेली, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर त्यांची गोरमाटी बोली. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांची जयंती, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. वणीला कोळशाच्या खाणी. तिथं पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नाही. झरी-जामणी, केळापूर तेलंगणाला लागून, कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, तिकडेच, बाजारात तेलुगूही ऐकू येते. केळापूर हे तालुक्याचं नाव, पण कचेऱ्या पांढरकवड्याला, हे लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच ठिकाणी उतराल. जवळच टिपेश्वर अभयारण्य. तुमच्याकडचे लोक तिथं वाघ दिसावा म्हणून येतात. आमच्याकडचा माणूस रात्री जागलीला, म्हणजे पीक राखायला, जाताना तो दिसू नये म्हणून हात जोडतो.

बाकी बहुतेक जिल्हा म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर. त्यातही गावाच्या पैशाचं वेळापत्रक कापूस ठरवतो. जूनमध्ये बियाणं-खत कृषी केंद्रातून उधार, डवरणी-निंदणाची मजुरी हातउसनी, आणि सगळ्यांना एकच वायदा: ‘कापूस निघाला की देतो.’ दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा येतो. भाव वाढेपर्यंत कापूस घरात ठेवा, हा सल्ला बाहेरचे लोक फार देतात. उधारी मागणारा दारात उभा असताना कोण ठेवणार? तो कापूस तेव्हाच विकला जातो, मिळेल त्या भावात.

वेचणी एकदा जवळून बघा. बाया कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात. बोंडाची वाळलेली टोकं टोचून नखांच्या कडा सोलून निघतात; माझी आई दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रात्री बोटांना तेल-हळद लावून बसायची. मजुरी किलोवर, संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वजनाचा काटा लागतो आणि त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही, सगळ्यांची नजर काट्यावर. सकाळी दव असताना वेचलेला कापूस जड भरतो म्हणून मालक म्हणतो, जरा उन्हं येऊ द्या. तोच मालक दुसऱ्या दिवशी विक्रीला गेला की ओलाव्यावरून त्याचे पैसे कापले जातात. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला तर सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, माल घेतच नाही.

बातम्यांतलं खोटं नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या होतात, आणि वर सांगितलेल्या उधारीत एखाद्या वर्षी पाऊस ओढला किंवा बोंडअळी आली की काय होतं, ते तुम्हीच जुळवून बघा. २०१७ हे गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे औषध पिकावर कमी आणि तोंडावर जास्त येत होतं. आमच्या गावात तेव्हापासून तोंडाला दुपट्टा बांधतात. एवढाच फरक पडलाय.

म्हणून चेहरा पाडून येऊ नका मात्र. लोक बोलके आहेत, ‘काहून जी, जेवले का?’ असं अनोळखी माणसालाही विचारतील, आणि ‘नाही’ म्हणालात तर खरंच ताट वाढतील. रेल्वेचं विचाराल तर मुर्तिजापूरची शकुंतला ही छोटी गाडी बंद पडली, वर्ध्याकडून नवी लाइन २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. यवतमाळकर गाडी धरायला अजूनही धामणगावला जातात. स्वतःची दुचाकी आणाच. मे महिन्यात खोली घ्यायची तर भाड्याआधी नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते विचारा.

आणि जूनमध्ये रुजू होणार असाल तर पहिला चांगला पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस कामासाठी गावात चक्कर मारू नका. कोणी भेटणार नाही. सरपंचासकट सगळे सरकी टोबायला, म्हणजे कापसाचं बी लावायला, वावरात असतात.