अठरा वर्षांच्या लेकीसाठी सेकंडहँड गाडी: नावाआधी बनावटीचा महिना बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक नुकतीच अठराची झाली, सांगलीहून आष्ट्याच्या कॉलेजला रोज जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, हातात चार लाख आणि समोर तीन गाड्या: दिरांची २०१२ ची डिझेल स्कॉर्पिओ, ओळखीतली २०१६ ची अल्टो ८०० आणि एजंटाने दाखवलेली २०१८ ची टियागो. तुमचा कल स्कॉर्पिओकडे आहे, कारण "मोठी गाडी असली की पोरगी सुरक्षित".

मी बावीस वर्षं मोटार क्लेमचा सर्व्हेअर म्हणून काम केलं. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या ठोकलेल्या गाड्या उघडून बघणं हेच माझं रोजचं काम होतं. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो, स्कॉर्पिओ लेकीला देऊ नका. दिरांचा मान राखून नाही म्हणा, पण म्हणा.

मोठ्या गाडीचा फायदा होतो तो समोरून लहान गाडी येऊन धडकली तर. तुमच्या रस्त्यावर नवशिक्याची गाडी जाऊन आदळते ती उभ्या ट्रॉलीवर, पुलाच्या कठड्यावर नाहीतर झाडावर. तिथे आपल्या गाडीचं वजन कामाला येत नाही. तिथे कामाला येते ती केबिनची मजबुती, पट्टा आणि एअरबॅग. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या मुद्दाम आदळवून बघते आणि सुरक्षेसाठी पाचापैकी तारे देते. २०१६ मध्ये तिने बिनएअरबॅगची स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत त्या गाडीला शून्य तारे मिळाले. शिवाय उंच गाडीला घाबरून एकदम स्टिअरिंग मारलं की ती कलंडायला वेळ लागत नाही, आणि घाबरून स्टिअरिंग मारणं ही पहिल्या वर्षातली हमखास चूक. अल्टो ८०० पण २०१४ मध्ये याच चाचणीत शून्यावर राहिली होती. गावात भाजी आणायला ती उत्तम गाडी आहे, रोजच्या हायवेला नाही.

राहिली टियागो. जानेवारी २०२० मध्ये तिला चार तारे मिळाले, पण चाचणीतली गाडी दोन एअरबॅगची होती. माझा सगळा भर इथेच आहे. लोक विचारतात "कुठली गाडी घेऊ?" मी विचारतो, कुठल्या महिन्यातली आणि कुठलं व्हेरियंट? २०१४ ची पोलो आठवा. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे. सांगाडा तोच, कारखाना तोच. फरक फक्त त्या दोन पिशव्यांचा. एकाच नावाच्या दोन गाड्या बाजारात शेजारी उभ्या असतात, किंमतीत वीस-पंचवीस हजारांचा फरक असतो, आणि आपण नेमकी स्वस्तातली उचलतो.

म्हणून या तारखा कागदावर लिहून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, समोरच्या दोन्ही पट्ट्यांची आठवण देणारा बझर, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा आला. शेजारच्या सीटची एअरबॅग चालू मॉडेलांना सक्तीची झाली ती थेट ३१ डिसेंबर २०२१ पासून. त्याआधीच्या गाडीत या गोष्टी असू शकतात, पण त्या व्हेरियंटवर अवलंबून, त्यामुळे धरून चालू नका. बघताना आरसीवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, बनावटीचा महिना बघा, पासिंगची तारीख नव्हे. शोरूमला चार महिने उभी राहिलेली गाडी पासिंगने नवी दिसते आणि बनावटीने जुनी असते.

वेगाच्या इशाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अठराच्या मुलामुलींना त्याचा खरा उपयोग आहे. ताशी ८० ओलांडले की गाडी थांबून थांबून टुंग करते, १२० ओलांडले की सतत वाजत राहते. पुष्कळ मालक कंटाळून तो आवाज बंद करून घेतात. ट्रायलला ऐंशीच्या वर एकदा नेऊन बघा. जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी असून वाजला नाही तर तो काढलाय, आणि ज्याने तो काढला त्याने आणखी काय काय काढलं असेल याचा विचार करा.

तुमच्या चार लाखांत टियागोशिवाय आणखी काय बघता येईल? पोलो, इटिऑस लिवा, टाटा झेस्ट. या तिन्हींना दोन एअरबॅगसह चार तारे होते. पोलोचा मेंटेनन्स जड जातो, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असतील तरच तिच्या वाटेला जा. इटिऑस २०२० मध्ये बंद झाली, पण गाडी दणकट आणि इंजिन बिनतक्रार. टॅक्सीत पळालेली मात्र घेऊ नका. नेक्सॉन डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. मनात भरण्यासारखी आहे, पण तुमच्या पैशांत चांगली मिळणं अवघड, आणि ओढाताण करून थकलेली नेक्सॉन घेण्यापेक्षा ठणठणीत टियागो बरी. एक काळजी घ्या: जुलै २०२२ नंतर चाचणीचे नियम कडक झाले आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप सुरू झाली. जुने तारे आणि नवे तारे एका तागडीत तोलू नका.

आता त्या टियागोकडे वळू. २०१८ चं मॉडेल, एमएच १० म्हणजे सांगलीचं पासिंग. म्हणजे ऑगस्ट २०१९ चा पूर या गाडीने पाहिलाय, आणि जुलै २०२१ चाही. एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा की त्या दोन्ही वेळेला गाडी कुठे उभी होती. नदीपासून लांब विश्रामबागेत होती की नदीकाठच्या गावभागात, तळमजल्यावर की बाहेर? तो गडबडला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

माझ्या भाचीसाठी २०२१ च्या डिसेंबरात आम्ही गाडी बघत होतो. एका डीलरकडे गाडी अगदी काचेसारखी चमकत होती, आत अत्तराचा इतका घमघमाट की डोकं दुखावं. मी ड्रायव्हरचा पट्टा ओढायला सुरुवात केली. आपण रोज ओढतो तेवढा स्वच्छ होता. मग दोन्ही हातांनी शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या हातभर भागावर तपकिरी रेघ होती आणि तिच्याखाली सगळा पट्टा मातकट, बोटाने चोळला तर बारीक गाळ हाताला लागला. सीटखालच्या रुळांचे नट गंजलेले. डीलर म्हणाला, पावसात काच उघडी राहिली असेल. पावसाचं पाणी खिडकीतून आलं तर पट्ट्याच्या गुंडाळीत गाळाची रेघ पडत नाही. आम्ही परत फिरलो. भाची रडवेली झाली होती, तिला गाडीचा रंग फार आवडला होता.

पुराच्या गाडीचं एवढं का मनावर घ्यायचं? इंजिन धुऊन-पुसून चालतं की. खरं आहे. पण एअरबॅगचा मेंदू म्हणजे तिचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मधल्या कण्यावर, अगदी खाली बसवलेला असतो. कार्पेट भिजलं की पाणी आधी तिथे. पिनांना गंज चढतो तो वर्षा-दोन वर्षांनी, आणि ज्या दिवशी एअरबॅग फुटायला हवी त्या दिवशी ती फुटत नाही. त्यामुळे पट्टे चारही ओढा, डिकीतलं स्टेपनीचं खोलगं उघडा, पुढच्या कार्पेटची कड उचलून हात घाला.

एअरबॅग आहे का, हे स्टिअरिंगवरच्या अक्षरांवरून ठरवू नका. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे, तो निदान प्रामाणिक. लागलाच नाही तर एकतर गाडीत एअरबॅगच नाही, नाहीतर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. हे मी कामावर असताना बघितलंय: मोठ्या ठोकरीत दोन्ही एअरबॅग फुटल्या, मालकाला क्लेम मिळाला, गाडी भंगारभावात विकली गेली, आणि पुढच्या माणसाने डॅशबोर्ड शिवून, स्टिअरिंगला नुसतं झाकण लावून ती पुन्हा बाजारात आणली. झाकणामागे काही नाही. पुन्हा पट्ट्याकडेच या. पट्ट्याच्या अगदी तळाशी एक शिवलेली चिठ्ठी असते, तिच्यावर बनावटीची तारीख असते. गाडी २०१८ ची आणि पट्टा २०२० चा असेल तर पट्टा का बदलला ते विचारा. काचांच्या कोपऱ्यातले शिक्केही तसेच ताडून बघा. एक काच फुटणं समजू शकतो, पुढची काच आणि उजव्या बाजूच्या दोन्ही काचा वेगळ्या सालच्या असतील तर गाडी मोठी ठोकली आहे. दाराची रबरी बीडिंग ओढून आतला पिलर, म्हणजे छताला धरणारा खांब बघा; कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचं काम हाताला खडबडीत लागतं. पिलर कापून जोडलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मीटर मागे फिरवणं आता मिनिटांचं काम आहे, म्हणून किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावर जुनी जॉबकार्डं निघतात, मालकाला सोबत घेऊन ती मागा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर तीस हजार, हे जमत नाही.

टायरवर चार आकडे असतात. ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी कितीही दिसली तरी बदला. त्यासाठी चार लाखांतले साडेतीनच गाडीला द्या. उरलेल्या पन्नासात चार टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, विमा आणि ट्रान्सफर. नवशिक्याला ओल्या रस्त्यावर वाचवणारी पहिली गोष्ट टायर आहे, आणि जुन्या गाडीच्या सौद्यात सगळ्यात आधी काटछाट होते ती तिथेच. गाडीला पुढे लोखंडी गार्ड असेल तर काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यांच्यावर बंदी आणली, आणि धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचला नाही तर एअरबॅगचा हिशेब चुकतो.

कागदपत्रं एजंटावर सोडू नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, परिवहनच्या साइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा करा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला आधी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. थकलेली ई-चलनं इसार देण्याआधी तपासा. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, तो धरून हिशेब करू नका.

नाव कुणाचं लावायचं, हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आरसीवर ज्याचं नाव त्यालाच, तोही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार लेक, तर ते संरक्षण तिला नाही. एकतर तिच्या नावावर घ्या, नाहीतर पॉलिसीत तिच्यासाठी वेगळं अपघाती कव्हर वाढवून घ्या. आणि धाकटा सोळाचा आहे असं तुम्ही लिहिलंय. चावी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

लेकीचं लर्निंग निघालं की तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, पण लर्निंग सहा महिने चालतं. घाई करू नका. भाचीच्या वेळी आम्ही पूर्ण सहा महिने घेतले. शेजारी पक्कं लायसन्स असलेलं कुणीतरी मोठं, गाडीला पुढे-मागे लाल एल. पावसाळ्यात मुद्दाम पावसात आणि हंगामात मुद्दाम रात्री. तुमच्या रस्त्यावर कारखाने सुरू झाले की ऊसाच्या ट्रॉल्या निघतात, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यात असताना ती ट्रॉली शेवटच्या वीस मीटरवर दिसते. भाचीला मी एवढंच शिकवलं होतं की समोरून प्रकाश आला की आधी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, मग बघायचं. पहिल्या वर्षी हंगामात सातनंतर एकटीने येणं नको. आणि गाडीत मैत्रिणी असतील तर मागच्यांनीही पट्टा लावायचा. समोरची धडक बसली की मागचा बिनपट्ट्याचा माणूस पुढच्या सीटवर येऊन आदळतो, तशा वाकलेल्या सीटा मी मोजून कंटाळलोय.

गाडी बघायला जाताना लेकीला घेऊन जा. तिला स्वतः बसू द्या, क्लच शेवटपर्यंत दाबून बघू द्या. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त अंतर राहिलं पाहिजे, आणि तरीही पाय पोचला पाहिजे. तिची उंची कमी असेल तर सीट वर-खाली होणारं व्हेरियंट शोधा, उशी ठेवून भागवू नका. टियागोचं व्हेरियंट आणि आरसीवरचा बनावटीचा महिना मला कळवा, आणि ड्रायव्हरचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा. तोवर इसार देऊ नका.