ग्लूमहेवन (पत्त्यांवर चालणारा सहकारी बोर्डगेम): शेवटच्या बॉससमोर आमचा गट दर वेळी का हरतो?
ठाण्यातल्या तुमच्या चौघांचे पत्ते बॉसपाशी, म्हणजे मुख्य शत्रूपाशी, पोहोचेपर्यंत संपत आलेले असतात, खरं दुखणं तेच; पत्ते संपले की पात्र बाद. छोट्या विश्रांतीवर (वापरलेले पत्ते परत घ्यायचे, त्यातला एक गमवायचा) खेळलं तर १० पत्त्यांच्या पात्राला एकूण २५ फेऱ्या मिळतात. कायमचा बाद होणारा पत्ता पहिल्या विश्रांतीआधीच वापरला की त्यातल्या ४ जातात. हातात ४ पत्ते उरल्यावर वापरला तर फक्त १. म्हणून ते जबर पत्ते बॉससाठीच राखा, किरकोळ राक्षसांवर उधळू नका.

बॉसचे प्राण (हिट पॉइंट) सुरुवातीच्या खेळाडूसंख्येनं गुणलेले असतात, कुणी बाद झाल्यावर ते घटत नाहीत. चालत असेल तर आधी विष द्या: त्याच्यावरचा पुढचा प्रत्येक हल्ला +१. स्टनवर (शत्रूला काहीच करू न देणारा परिणाम) मात्र विसंबू नका, बॉसवर काय चालत नाही ते त्याच्या कार्डावरच छापलेलं असतं.