दहा वर्षांत घरचं उत्पन्न दुप्पट होईल का? कोरची-धानोरा भागातल्या तीन प्रश्नांना उत्तर

नमस्कार मंडळी. या वेळी तीन प्रश्न एकत्रच घेतो, कारण तिघांचं दुखणं एकच आहे. पहिला प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीकडल्या एका भावाचा: "साहेब, ३ एकर धान आहे, पावसाचं एकच पीक, नंतर तेंदू आणि मिरची तोडायला तेलंगणात जातो, सगळं मिळून वर्षाला लाखभर येते पण हाती काही राहत नाही, असं एखादं पीक सांगा की दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट होईल." दुसरा धानोऱ्याकडल्या एका ताईचा, गटाचं कर्ज काढून ५०० कोंबड्यांचं शेड टाकू का म्हणून. तिसरा एका वडिलांचा, पोरगा बारावी झाला, त्याला शेतीत ठेवू की नागपूरला पाठवू.

भाऊ, पहिले तुमचंच घेतो. तसं पीक नाही. मी सांगितलं आणि तुम्ही लावलं असं कोणतंच पीक तुमच्या गावापासून बाजार एवढा लांब असताना दहा वर्षं एकसारखा पैसा देणार नाही, आणि जो कोणी कंपनीवाला गाडी घेऊन गावात येऊन रोपं विकून राहिला आणि बायबॅकची, म्हणजे माल परत विकत घ्यायची, गॅरंटी देऊन राहिला त्याला आधी विचारा की मागच्या साली कोणाकडून माल उचलला त्याचं गाव सांग, आम्ही जाऊन पाहतो.

पण दुप्पट होऊ शकते, हेही तेवढंच खरं. हिशोब पाहा. लाखाचे दहा वर्षांत दोन लाख व्हायला दर साली साधारण ७ टक्के वाढ लागते, म्हणजे पहिल्या साली फक्त ७ हजार जास्त. महागाई धरली तर १०-१२ हजार धरा. आता १२ हजार म्हणजे काय, तर २० किलोचे दोन बोकड, किंवा एक बोकड आणि वर्षाची डाळ विकत न आणणं. एवढंच. आपण चुकतो कुठे तर एकाच साली लाख वाढवायला जातो, कर्ज काढतो, एक साल पाऊस दगा देते आणि होतं तेही विकावं लागते. मी तुम्हाला जे सांगून राहिलो ते असं की दर साली घरात एकच गोष्ट अशी उभी करा जी पुढच्या सालीही देईल, आणि शक्यतो घरच्याच पैशातून करा, आणि एकदा उभी झाली की कितीही अडचण आली तरी ती मोडू नका.

सुरुवात धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून करा, कारण त्याला पैसा लागत नाही. ३ एकराच्या बांध्यांना (धानाच्या खाचरांना) धुरे किती असतात ते एकदा चालून पाहा. बहुतेकांच्या धुऱ्यावर गवत असते. रोवणीच्या आधी धुऱ्यावर माती चढवून घ्या आणि पाऊस लागला की दोन-दोन दाणे तुरीचे टोबा, फुटा-दीड फुटावर. पाण्यात मूळ राहिलं तर तूर मरते म्हणून धुरा उंच पाहिजे, एवढीच काळजी. पाच माणसांच्या घराला महिन्याला अडीच-तीन किलो डाळ लागते, वर्षाची ३०-३५ किलो, ती दुकानातून आणायचे किती पैसे जातात ते तुम्हीच काढा. वाचलेला पैसा हाही कमाईच आहे, आणि त्याला ना गाडीभाडं लागत ना दलाल.

दुसरं, धान कापायच्या आठ-पंधरा दिवस आधी, बांधीत ओल आहे तोवर, उभ्या धानात जवस किंवा लाखोळी फेकायची. उतेरा तुमच्या आजोबांना माहीत होता, मग आता बंद काहून पडला? कारण कापणी झाली की गावची सगळी गुरं मोकाट सुटतात आणि एकट्या माणसाचं हिरवं रान एका रात्रीत साफ होते. हे एकट्यानं होणार नाही भाऊ, बियाणं द्यायला आम्ही तयार असलो तरी होणार नाही. एका पट्ट्यातल्या आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून ग्रामसभेत विषय मांडा, की या बांध्यांत होळीपर्यंत चराई बंद, गुराख्याला जास्तीचे पैसे आम्ही देऊ. जिथं असं ठरलं तिथं दुसरं पीक निघते. तुमच्या जिल्ह्यात ग्रामसभा काय करू शकते हे वेगळं सांगायला नको, धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क भेटला आणि २०११ मध्ये बांबू विकायला लागणारी वाहतूक परवान्याची पासबुकं थेट ग्रामसभेच्या हातात आली. ज्यांनी जंगल सांभाळलं ते चराईचा एक ठराव नक्कीच पाळू शकतात.

तिसरं म्हणजे बोडी, शेतातलं लहान तळं, आणि इथं मी थोडा जास्त वेळ घेणार. आपल्याकडे पाऊस भरपूर पडते पण आक्टोबरात लोंब निघायच्या वेळेला पंधरा दिवस दडी मारली की अर्धं धान पोचट. त्या वेळी एक पाणी भेटलं तर पीक वाचते. एका एकराला ५ सेंटीमीटरचं एक पाणी म्हणजे साधारण २ लाख लिटर. आणि ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल शेततळं, काठ उतरते धरून, भरलं तर जवळपास २२ लाख लिटर राहते. झिरपून उडून अर्धं गेलं समजा, तरी ११ लाख लिटर उरलं, म्हणजे तुमच्या ३ एकराला एक पाणी देऊन वर ५ लाख लिटर बोडीत राहते. त्या पाण्यात मासे होतात, काठावर भाजी होते. रोजगार हमीतून शेततळं भेटते, सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवरही अर्ज करता येते, जागा मात्र उताराच्या खालच्या अंगाला, जिथं पाणी आपोआप येऊन थांबते तिथंच द्या. पडीत म्हणून वरच्या टेकाडावर खणलेली कोरडी तळी मी खूप पाहिली, वाईट वाटते पाहून.

मासे टाकताना दाटी करू नका. एवढ्या बोडीत रोहू, कटला, मिरगल मिळून ४००-५०० बोटुकली पुरे. आपली बोडी उन्हाळ्यात आटते, म्हणून जिरं, म्हणजे माशाची एकदम बारीक पिल्लं, टाकू नका, बोटभर लांबीची बोटुकली आणा, थोडी महाग पडते पण फेब्रुवारीपर्यंत खायच्या-विकायच्या वजनाला येते. घरचा कोंडा आणि ढेप टाकली तरी भागते. मासा गावातच संपतो, बाजार शोधावा लागत नाही, आणि लांबच्या गावात हा फायदा लहान नाही.

आता धानाचं. आधारभूत केंद्रावर २०२५-२६ चा साध्या धानाचा भाव २३६९ रुपये क्विंटल होता. जाडं धान असेल तर तिथंच घाला, टोकन आणि ऑनलाइन नोंदणी वेळेत करा, गावात आलेल्या व्यापाऱ्याला नोव्हेंबरातच उधारीपोटी १७००-१८०० नं देऊ नका. पण एखादा एकर एचएमटी किंवा जय श्रीराम सारखं बारीक धान लावलं तर ते धान म्हणून विकूच नका. एक क्विंटल धानातून ६० ते ६५ किलो तांदूळ निघतो, तो नोकरदार घरांना ५० रुपयांनी जरी दिला तरी ३ हजार होतात, कणी-कोंडा घरच्या कोंबड्यांना वेगळा. उतारा बारीक धानाचा कमी येते हे धरून चला, म्हणून सगळं रान बारीक करू नका. हे एचएमटी वाण आपल्याच मातीतलं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी दीड एकराच्या शेतात वेगळ्या लोंब्या पाहून निवडलेलं. देशभर विकलं गेलं, पैसा मात्र दुसऱ्यांनीच कमावला, ते २०१८ मध्ये गेले तोवर घरची ओढाताण संपली नव्हती. माल आपला आणि पिशवीवर नाव दुसऱ्याचं असलं की असंच होते, म्हणून चार घरं मिळून का होईना, तांदूळ स्वतःच्या गावाच्या नावानं विका.

मोहफुलाचंही तसंच. मार्च-एप्रिलात ओलंसुकं, माती लागलेलं फूल त्याच आठवड्यात देऊन टाकतो आणि पावसाळ्यात तेच फूल जास्त भावानं विकत आणतो. झाडाखाली पालापाचोळा जाळू नका, जुनी लुगडी नाहीतर जाळी अंथरा, फूल स्वच्छ राहते आणि जंगलही वाचते. खडखडीत वाळवून कोठीत भरा, ओल राहिली तर काळं पडते. घरची निकड असेल तेवढंच आधी विका.

आता ताई, तुमचं. ५०० ब्रॉयलरचं शेड तुमच्या गावात आजच्या घडीला टाकू नका, मी स्पष्ट सांगतो. पिल्लू बाहेरून, खाद्य बाहेरून, पावसाळ्यात रस्ता बंद, लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि कोंबडी तयार झाली की दोन-चार दिवसांत उचलली गेली नाही तर रोज खाद्य खाते. सगळ्यात मोठी गोष्ट हप्त्याची. खाजगी कंपनीच्या गटकर्जाचा हप्ता पुढच्याच आठवड्यापासून चालू होते आणि कोंबडीचा पैसा यायला वेळ लागते, मग पहिले हप्ते कुठून भरणार? दुसरं कर्ज काढून. अशा चक्रात अडकलेल्या बाया मला दर महिन्याला भेटतात, त्यांचे चेहरे पाहवत नाहीत. तुम्ही २०-२५ गावठी कोंबड्यांनी सुरुवात करा. गावठी अंडं आणि कोंबडं गावातच मागून नेतात. कोंबड्या मरतात त्या मानमोडी (राणीखेत) रोगानं, ती आली की आठ दिवसांत खुराडं रिकामं, म्हणून पिल्लाला पहिल्याच आठवड्यात लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्यात दुसरी लस. लस बर्फात आणावी लागते, एका कुपीत शंभरावर पक्षी होतात, तर दहा घरच्या बायांनी एकाच दिवशी करा. रात्री खुराडं बंद, मुंगूस आणि रानमांजर सोडत नाही.

त्याच्या जोडीला चार शेळ्या. शेळी पाच महिन्यांत विते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत. बोकड विका, पण पहिली दोन वर्षं पाट, म्हणजे मादी पिल्लू, विकायची नाही, घरात लग्न निघालं तरी नाही. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस, पीपीआर रोगाची लस, आणि जंताचं औषध, ही तीन कामं झाली की निम्मी मर थांबते. कर्ज लागलंच तर उमेदच्या बचत गटातून घ्या, आणि शेतीसाठी सोसायटी किंवा बँकेचं पीककर्ज, ३ लाखांपर्यंतचं मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख सवलत योजनेत व्याज लागत नाही. बिनव्याजी पैसा सोडून महिन्याला शेकडा पाचनं सावकाराकडे जाणं बंद करा. आणि वर्षाला २० रुपयांचा पीएम सुरक्षा विमा दोघांचाही काढून ठेवा, रोवणीच्या दिवसांत साप आणि वीज काही सांगून येत नाही.

बाबा, तुमच्या पोराबद्दल. जाऊ द्या त्याला, पण नुसतं नागपूरला कंपनीत हेल्पर म्हणून नको, आधी आयटीआय करू द्या. इलेक्ट्रिशियन किंवा मोटर मेकॅनिक. तालुक्यात सोलर पंप बसून राहिले, बंद पडला की दुरुस्तीला माणूस भेटत नाही, महिना महिना पंप पडून राहतो. हे काम शिकलेला पोरगा गावात राहूनही कमावते आणि घरात एक पैसा असा येते जो पावसावर अवलंबून नाही. तो बाहेरच रमला तर तेही ठीक, फक्त पहिल्या पगारात गाडीचा हप्ता बांधू देऊ नका, त्या पैशात बोडीला आवार आणि शेळ्यांना पक्का गोठा होतो.

तिघांनीही आजपासून एक वही करा. घरात आलेला आणि गेलेला रुपया रोज लिहायचा, खर्रा-तंबाखूचाही लिहायचा. दिवाळीपर्यंत लिहून मला आणून दाखवा, पुढच्या साली कोणती गोष्ट उभी करायची ते आपण त्या वहीवरून ठरवू. योजनेच्या अर्जाला येताना सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि फार्मर आयडी आणा, ज्यांच्याकडे वनहक्काचा पट्टा आहे त्यांनी तो आणा. पट्टा आहे म्हणून योजना भेटत नाही असं कोणी सांगितलं तर परत जाऊ नका, आधी माझ्याकडे या.