शब्दांच्या सोबतीतून ‘यश’ कसे दिसते?

प्रश्न : मराठी समाजाची यशाची कल्पना गेल्या काही दशकांत बदलली का, या विषयावर मी एम.ए.चा प्रबंध लिहीत आहे. मार्गदर्शकांनी कॉर्पस, म्हणजे संगणकावर शोध घेता येईल असा लेखनाचा मोठा संग्रह, वापरण्यास सुचवले आहे. परंतु ‘यश’ हा शब्द किती वेळा आला हे मोजून समाजाच्या मनातले कसे कळणार? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आपली शंका योग्य आहे. नुसत्या मोजणीतून फारसे काही हाती लागत नाही. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, असे इंग्रज भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये म्हटले होते आणि कॉर्पसचा खरा उपयोग हे सोबती हजारो वाक्यांतून एकत्र पाहण्यासाठी आहे.

‘यश’ शब्दाची क्रियापदे पाहा. ‘तिने यश मिळवले’ या वाक्यात यशाची कर्ती ती स्वतः आहे. ‘तिच्या प्रयत्नांना यश आले’ किंवा ‘तिला यश लाभले’ म्हटले की यश बाहेरून चालत येते आणि माणूस ते स्वीकारणारा ठरतो. अपयश मात्र ‘पदरी पडते’, ते ‘पचवावे’ लागते आणि त्याचे ‘खापर’ कोणाच्या तरी माथी फोडले जाते. ‘मिळवणे’ आणि ‘येणे’ यांचे परस्परप्रमाण 1960 च्या आणि आजच्या लेखनात वेगळे आढळले, तर यशाचे श्रेय कोणाला द्यायचे याविषयीची समजूत बदलली असावी, असे म्हणायला आधार मिळेल. माझ्या मते आपल्या प्रबंधाचा गाभा हाच असावा.

तुलना करताना लेखनप्रकार सारखे ठेवावेत. ‘आरोपीला जेरबंद करण्यात पोलिसांना यश आले’ हा बातमीचा ठरलेला साचा आहे आणि ‘घवघवीत यश’ प्रामुख्याने निकालांच्या बातम्यांत भेटते. एका कालखंडातून वृत्तपत्रे आणि दुसऱ्यातून कादंबऱ्या घेतल्या, तर दिसणारा फरक समाजातला नसून लेखनप्रकारातला असेल. या शिस्तीचा उत्तम नमुना आपल्या जवळच आहे. प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भारतीय इंग्रजीचा संग्रह तयार झाला. त्यात 1978 मधील लेखनाचे प्रत्येकी सुमारे 2,000 शब्दांचे 500 उतारे आहेत. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या 1961 च्या लेखनावरील संग्रहाशी तुलना करता यावी, म्हणून त्याची रचना त्याच धर्तीवर केली होती.

मराठीत शोध घेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. नुसती ‘यश’ ही अक्षरे शोधली तर यशवंतरावही येतात आणि यश नावाची मुलेही; ‘यशाचा’, ‘यशाला’, ‘यशस्वी’ ही रूपे स्वतंत्रपणे नोंदवून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही. संग्रहांचा आकार भिन्न असेल, तर आकडे दर लाख शब्दांमागे काढावेत.

छापील संग्रहात लिहित्या वर्गाचेच यश प्रामुख्याने उमटते, ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांतील काही भाग आपण जोड म्हणून अवश्य घ्यावा. मात्र तेथे ‘यश’ हा शब्द शोधून भागणार नाही. माहेर, भाऊ आणि लेकरांची भरभराट यांविषयी स्त्रिया ज्या शब्दांत बोलतात, ते शब्द आधी ओव्या वाचून टिपावे लागतील आणि मगच त्यांची मोजणी करता येईल.