सी ऑफ थीव्ज : सोलो स्लूपवर दोघातिघांशी लढायचं कसं

सी ऑफ थीव्ज ह्या समुद्री चाच्यांच्या ऑनलाइन गेमबद्दल तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सुट्टीच्या दिवशी एकटाच स्लूप, म्हणजे सगळ्यात लहान जहाज, घेऊन निघतोस, दोन-तीन तास लूट गोळा करतोस आणि आउटपोस्ट, म्हणजे लूट विकायचं बेट, डोळ्यासमोर दिसत असताना दोघांची स्लूप नाहीतर तिघांची मधल्या आकाराची ब्रिग येऊन बुडवून जाते, दहातल्या नऊ वेळा, मग आता एम (नेम) सुधारू, क्रू शोधू, की गेमच काढून टाकू. गेम काढू नकोस भावा. मी २०२० च्या जूनमध्ये गेम स्टीमवर आला तेव्हापासून खेळतोय आणि त्यातला बहुतेक वेळ सोलोच, कारण सातपूरला दुसरी शिफ्ट करून घरी येऊन जेवून बसेपर्यंत रात्रीचा एक वाजतो आणि त्या वेळेला नाशकात माझ्या ओळखीचं कोणी जागं नसतं. तू जे लिहिलंयस ते सगळं माझ्यासोबत झालंय, पहिलं वर्षभर तर रोज.

पहिली गोष्ट, तुझा एम हा प्रॉब्लेमच नाहीये. तू लिहिलंयस की पहिले दोन-तीन गोळे तूच मारतोस. मग एम बरा आहे की. प्रॉब्लेम त्याच्यानंतर सुरू होतो, त्यांचा एक गोळा तुला लागतो आणि तू होल बुजवायला फळी घेऊन खाली पळतोस. बरोबर ना? तू खाली गेलास की व्हीलवर (सुकाणूच्या चाकावर) कोणी नाही, तोफेवर कोणी नाही, आणि ते निवांत मारत बसतात. तुझं एक होल बुजेपर्यंत तीन नवीन पडतात. सोलो माणूस ९० टक्के वेळा असाच बुडतो, नेमबाजीत हरून नाही.

लढाईत हात मोज. दोघांच्या स्लूपवर एक जण व्हील आणि बादली बघतो, दुसरा नुसता तोफेवर. तू एकटा. पण तुझे चार गोळे त्यांच्या खालच्या भागात, पाण्याच्या रेषेजवळ बसले की त्यांचा एक माणूस खाली अडकलाच, त्याला वर येताच येत नाही. आता वर एकच उरला, त्यालाच व्हील, त्यालाच तोफ. म्हणजे तोही सोलो झाला, आणि त्याला सोलो खेळायची सवय नाही, तुला आहे. माझी सगळी स्ट्रॅटेजी एवढ्यावर उभी आहे, की प्रत्येक गोळ्याने समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त काम लागलं पाहिजे. म्हणून डेकवरच्या माणसाला मारायच्या मोहात पडू नकोस, मेला तरी फेरीवरून, म्हणजे मेलेले खेळाडू थोडा वेळ थांबतात त्या भुताच्या जहाजावरून, परत येतो. खाली मार. एकाच जागी परत परत मारलास तर तेच होल मोठं होतं आणि पाणी जास्त जोरात येतं, नवीन लोकांना हे माहीतच नसतं.

आता व्हील. ह्या गेममध्ये व्हील जसं सोडशील तसंच राहतं, आपोआप सरळ होत नाही. सोलो माणसाचा क्रू म्हणजे हे व्हील. समोरचा माझ्या डावीकडे असेल तर मी व्हील डावीकडे साधारण पाव फेरी फिरवून सोडून देतो आणि दोन पावलांवरच्या तोफेवर जातो, जहाज स्वतःच त्याच्याभोवती गोल फिरत राहतं. तीन गोळे मारायचे, मान वळवून व्हीलकडे आणि पुढे समुद्राकडे बघायचं, अंतर वाढत असेल तर परत जाऊन थोडं अजून वळवायचं, कमी होत असेल तर थोडं सोडायचं. सुरुवातीला हाताला जमत नाही. तर एखाद्या ओसाड बेटाजवळचा खडक घे आणि शीड अर्धं ठेवून त्याच्याभोवती वीस मिनिटं गोल फिरत गोळे मार, तिथे कोणी परत मारत नाही. पूर्ण शीड सोडून कधीच लढू नकोस, वळण मोठं होतं आणि तू त्याच्या पुढे निघून जातोस. शीड वर घेतलं की जहाज हळू होतं पण आखूड वळतं, आणि लढाईत वेगापेक्षा आखूड वळण जास्त कामाचं.

आणि गोल फिरताना उभं कुठे राहायचं, तर त्याच्या मागच्या कोपऱ्यात. ह्या गेममधल्या तोफा सगळ्या कडेला असतात, स्लूपला दोन, ब्रिगला चार, सगळ्यात मोठ्या गॅलियनला आठ, पण शेपटीकडे मारायला कोणाकडेच काही नाही. त्याच्या शेपटीला तू आडवा आलास की तुझी तोफ त्याच्यावर आणि त्याची तोफ हवेत. आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमाराने हेच केलं होतं, कान्होजींच्या काळात गुराबा आणि गलबतं मोठ्या इंग्रजी जहाजाच्या कडेला जायच्या भानगडीत न पडता मागून यायची आणि आधी त्याची शिडं-दोर फोडायची. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटलं ते वेगळं, मला त्याचा आजही राग येतो, पण युद्धशास्त्र म्हणून ते शंभर टक्के बरोबर होतं आणि लहान जहाजाला आजही तेच लागू आहे.

आता पाण्याचं. तू सिन्नरचा आहेस म्हणतोस तर पावसाळ्यात गोदाघाटावर आला असशीलच कधीतरी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही आकडे विचारत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलंय ते विचारतो. पायाशी, गुडघ्याशी, कमरेशी, छातीशी. पायाशी आहे तोपर्यंत भांडी बाजारात कोणी दुकान आवरायला घेत नाही, कमरेच्या वर गेलं की सगळे हलतात, आणि २०१९ च्या ऑगस्टसारखं डोक्यावरून गेलं की मग हातात काही राहत नाही. स्लूपच्या खालच्या भागात तू तुझा मारुती ठरवून घे. मी पायऱ्या धरतो. खालच्या तळात पाणी आहे पण मधला मजला कोरडा आहे, तर मी तोफ सोडत नाही. मधल्या मजल्याच्या काठाला लागलं की जातो. आणि गेल्यावर दिसेल त्या होलाला फळी नाही, आधी सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खालचं होल, एकच, मग दोन-तीन बादल्या, आणि लगेच वर. मधल्या मजल्यावरची होलं लढाई चालू असताना बुजवायचीच नाहीत, जहाज खाली बसेपर्यंत त्यातून लाटेचं काय येईल तेवढंच. पूर्ण कोरडं जहाज लढाई संपल्यावर करायचं. थोडं पाणी घेऊन लढायची भीती ज्या दिवशी गेली त्या दिवशी माझं बुडणं निम्म्यावर आलं.

वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही, एवढंच लक्षात ठेव की वारा समोरून असेल तर स्लूप तिन्हींमध्ये सगळ्यात वेगात जाते आणि वारा पाठीशी असेल तर गॅलियन तुला गाठणारच. त्यामुळे शीड लांबून दिसलं की पहिलं काम दुर्बीण नाही, वर बघ, वारा कुठून कुठे चाललाय. माझं आजोळ येवल्याचं, तिथे संक्रांतीचे तीन दिवस आम्ही गच्चीवर असायचो आणि मामा आसारी (मांज्याची फिरकी) हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसता वारा बघत उभा राहायचा, मग कोणाचा पतंग कुठून कापायचा ते ठरवायचा. वारा ठरला की मग लढायचं की निघायचं ते ठरतं. जहाजात लूट असेल आणि समोर गॅलियन असेल तर वाऱ्याच्या तोंडावर शीड सरळ करून निघून जा, त्यात कमीपणा काही नाही. आणि रीपर्स बोन्स ह्या गेममधल्या गटाचा झेंडा लावून फिरत असशील तर तो आधी उतरव, त्या झेंड्याचं जहाज सगळ्यांच्या नकाशावर दिसतं.

तू विचारलंयस की एकटा असताना आपलं जहाज सोडून त्यांच्यावर बोर्ड करायला, म्हणजे त्यांच्या जहाजावर चढायला, जावं का. माझं उत्तर, सुरुवातीला नाही. तू गेलास की तुझं जहाज रिकामं, तिथे मेलास तर फेरीवर थांबायचं आणि तोपर्यंत ते तुझ्या जहाजावर काय वाटेल ते करणार. मी फक्त एकाच परिस्थितीत जातो, त्यांचं जहाज पाण्याने अर्ध्याच्या वर भरलंय, दोघं खाली आहेत आणि माझ्याकडे पाणी शून्य. तेव्हा सुद्धा मारामारीसाठी नाही, बादली मारणाऱ्याला दहा-पंधरा सेकंद अडवायला, बाकीचं काम पाणी करतं.

ते तुझ्याकडे बोर्डिंगला येणार हे मात्र धरून चाल, सोलो दिसला की पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात तोच येतो. हेडफोन लाव आणि गेममधलं म्युझिक बंद कर. शिडीला माणूस लागला की पाणी निथळल्याचा एक आवाज येतो, तो एकदा कानात बसला की विसरत नाही. आवाज आला की तोफ सोड, ब्लंडरबस (जवळून मारायची बंदूक) काढ आणि शिडीच्या वरच्या टोकाला उभा राहा, जवळून पूर्ण बसली तर तो सरळ फेरीवर जातो. आणि तो फेरीवर असतो तो वेळ तुझ्यासाठी सोनं आहे, त्या वेळात त्यांच्या जहाजावर एक माणूस कमी असतो, तेव्हा खाली जाऊन पाणी काढत बसू नकोस, तोफेवर जा.

आता हे सगळं एकत्र कसं बसतं ते दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रात्रीवरून सांगतो. थीव्ज हेवनजवळ तिघांची ब्रिग माझ्या मागे लागली. वारा समोरून होता म्हणून अंतर हळूहळू वाढत होतं, सरळ गेलो असतो तर सुटलो असतो. पण त्या बेटाच्या पोटातून जहाज आरपार जाईल अशी वाट आहे, मी आत घुसलो, ते पण आले. बाहेर पडल्या पडल्या मी शीड पूर्ण वर घेतलं, व्हील पूर्ण डावीकडे, आणि जहाज जवळजवळ जागच्या जागी वळलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचं नाक माझ्या तोफेसमोर आणि त्यांच्या चारही तोफा दोन्हीकडच्या खडकाकडे. आधी चेनशॉट (मास्ट तोडणारा साखळीचा गोळा), पुढची मास्ट, म्हणजे डोलकाठी, पडली. मग साधे गोळे, खाली, नाकाच्या जरा मागे, चार मारले त्यातले तीन बसले. एक जण मास्ट उभी करायला, एक खाली, एक व्हीलवर. तिघांची ब्रिग आणि तोफेवर कोणी नाही! साधारण अर्ध्या मिनिटाने व्हीलवरचा तोफेवर आला आणि त्याने मला दोन गोळे बसवले, खाली पाणी यायला लागलं, पायऱ्यांशी होतं, मी गेलो नाही. मग मास्टवाल्याने मास्ट सोडली आणि उडी मारून पोहत आला, शिडीचा आवाज आला, मी वरून ब्लंडरबस मारली. आता ते दोघंच आणि पाणी त्यांच्या मधल्या मजल्यावर. अजून पाच-सहा गोळे आणि ब्रिग गेली. मी खाली उतरलो तेव्हा मधल्या मजल्यापासून हातभर पाणी कमी होतं, म्हणजे अजून एक गोळा लागला असता तर मला तोफ सोडावीच लागली असती, आणि मग कदाचित ही गोष्ट उलटी झाली असती. त्यांची लूट पाण्यावर तरंगत होती ती गोळा करायला पंधरा मिनिटं लागली.

तयारीचं एक राहिलं. साठ-सत्तर फळ्या आणि चांगलं खाणं जहाजात असल्याशिवाय मी पहिली पेटी सुद्धा उचलत नाही, बेटावर उतरलो की आधी बॅरल रिकामे करतो. केळी संपवत बसू नकोस, अननस आणि शिजवलेलं मांस जवळ ठेव, लढाईत एकदा खाल्लं की बराच वेळ बघावं लागत नाही. आणि लूट साठवू नकोस. तीन तासांची लूट एकदम विकायला नेण्यापेक्षा पाऊण तासाने विक, मग बुडालास तरी पाऊण तासच गेला आणि लढताना हात थरथरत नाहीत, हा फरक फार मोठा आहे. सेफर सीजवर जा असं तुला बाकीच्यांनी सांगितलंय, तिथे दुसरे खेळाडू नसतात त्यामुळे व्हील आणि शीड शिकायला चांगलं आहे, पण मोबदला कमी मिळतो आणि लढाई तिथे शिकता येत नाही. त्यापेक्षा आवरग्लास, म्हणजे जहाजाशी जहाज ठरवून लढायची गेममधली सोय, लावून समुद्रात उतर, समोर तुझ्याच आकाराचं जहाज येतं आणि लूट पणाला नसते. दहा वेळा हर तिथे. प्रत्येक वेळी बुडाल्यावर एकच गोष्ट आठव, शेवटचा गोळा लागला तेव्हा मी कुठे उभा होतो, व्हीलवर, तोफेवर की खाली. माझ्या मते पहिल्या पाच वेळा उत्तर 'खाली' येईल.

क्रू शोधायला हरकत नाही, पण हे जमल्यावर शोध. येत्या शनिवारी मला सुट्टी आहे, रात्री साडेदहानंतर ऑनलाइन असेन, तुझ्या स्लूपवर येतो. मी फक्त बादली घेऊन खाली उभा राहीन आणि पाणी पायऱ्यांना लागलं की ओरडून सांगेन, होलं मी बुजवणार नाही, व्हील, शीड आणि तोफ तिन्ही तुझ्याकडे.